खाड्याचं काय? एका लघुपटाचे दोन कट

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका २२ मिनिटांच्या लघुपटाचं आहे. माणसं आणि संस्था ओळखू येऊ नयेत इतपत तपशील पुसले आहेत, लघुपटाचं नावही देत नाही. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, तयार झाल्यावर मला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. त्याआधीचं जे लिहिलंय ते टीमच्या टिपणांवरून आणि त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून.

टीम छोटी. दिग्दर्शिका चित्रपटाचं शिक्षण संपवून नुकतीच बाहेर पडलेली, कॅमेरामन आणि संकलक तिचेच वर्गमित्र. ध्वनिमुद्रक मात्र वयानं मोठा आणि बाहेरून आलेला. त्याच्या आईनं उभं आयुष्य लोकांची धुणीभांडी करण्यात काढलं होतं. ही गोष्ट टीममध्ये सगळ्यांना ठाऊक होती, पण पटकथा लिहिताना कुणाला त्याला काही विचारावंसं वाटलं नाही. अनुदान देणाऱ्या संस्थेनं विषय ठरवून दिला होता: श्रीमंत-गरीब दरी.

दिग्दर्शिका ज्या घरात वाढली तिथे कामाला बाई होती. त्या बाईवर एकदा चोरीचा आळ आला, वस्तू घरातच सापडली आणि आईनं बाईची माफी मागितली, अशी तिची लहानपणची आठवण. पटकथा त्या आठवणीवर उभी राहिली. मालकिणीचं घड्याळ सापडत नाही. बाईची पिशवी तपासली जाते. बाई रडते, रात्री आपल्या अंधाऱ्या खोलीत मुलाला जवळ घेऊन बसते. दुसऱ्या दिवशी घड्याळ सोफ्याच्या फटीत सापडतं, मालकीण डोळ्यांत पाणी आणून माफी मागते आणि स्वतःचा जुना मोबाइल तिच्या हातात ठेवते. बाई मान हलवून हसते. शेवटच्या शॉटमध्ये ती रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनाशी होते, मागे व्हायोलिन.

कागदावर यात काही खटकत नाही. असे चित्रपट आपण इतके पाहिलेत की खटकण्याची सवयच गेली आहे.

अडचण

पहिला प्रीव्ह्यू मित्रमंडळी, शिक्षक आणि अनुदान संस्थेच्या लोकांसाठी झाला. डोळे ओले झाले. एका महोत्सवाच्या निवड समितीशी ऊठबस असलेल्या गृहस्थांनी निक्षून सांगितलं, ‘‘शेवटाला हात लावू नका.’’

दुसरा प्रीव्ह्यू ध्वनिमुद्रकानं सुचवला. घरकाम करणाऱ्या बायकांच्या एका संघटनेची बैठक भरायची, तिथे दाखवू म्हणाला. दिग्दर्शिका लगेच तयार झाली. इथे तर दाद मिळणारच, अशी तिची खात्री होती.

पहिला हशा चौथ्या मिनिटाला आला, आणि तिथे हसण्यासारखं काही ठेवलेलं नव्हतं. पडद्यावर बाई फरशी पुसत होती, पुसत पुसत पुढे येत होती. म्हणजे जिथे फडकं फिरवलं त्याच ओल्या फरशीवरून गुडघे टेकत. मागच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, ‘‘अगं, मागं सरक की!’’ फरशी मागे सरकत पुसतात. नटीला ठाऊक नव्हतं. दिग्दर्शिकेला नव्हतं. कॅमेरामनला हवा होता चेहरा, आणि पुढे येणारी बाई चेहरा देते.

चित्रपट संपल्यावर प्रश्न सुरू झाले, आणि त्यातला एकही अभिनयाबद्दल किंवा छायाचित्रणाबद्दल नव्हता.

‘‘हिला एकच घर आहे का? बाकीच्या घरांचं काय झालं त्या दिवशी?’’

‘‘दोन तास उभी करून ठेवली. पुढच्या घरी खाडा लागला असणार. तो कोण देणार?’’ (खाडा म्हणजे चुकलेला दिवस, आणि त्याचे कापले जाणारे पैसेही.)

‘‘हिच्या खोलीत एवढा अंधार का? बल्ब गेलाय का?’’

माफीच्या दृश्याला तर सरळ खसखस पिकली होती. त्याबद्दल एक वयस्कर बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘ताई, वस्तू सापडली की कुणी सांगत नाही. दोन दिवसांनी आपल्यालाच दिसते, त्यांच्या अंगावर.’’

दिग्दर्शिकेनं सांगून पाहिलं की हे खरं घडलंय, माझ्याच घरी. बाईंनी विचारलं, ‘‘तुमच्या आईनं माफी मागितली तेव्हा तुम्ही तिथं होता?’’ ती नव्हती. आईनं नंतर सांगितलेलं तिला आठवत होतं.

यानंतर टीममध्ये जे झालं ते अपेक्षितच. कॅमेरामनचं म्हणणं, चित्रपट म्हणजे फरशी पुसण्याचं प्रशिक्षण नव्हे. संकलक गप्प. ध्वनिमुद्रक म्हणाला की पुसण्याची दिशा त्याला शूटिंगच्या दिवशीच दिसली होती, पण टेकच्या मध्ये बोलायचं नाही असा सेटवरचा नियम होता.

रफ कट पुन्हा बघताना

मी पोचलो तो याच टप्प्यावर. प्रश्नांवर वाद घालण्याऐवजी संकलकाला एक यादी करायला सांगितली: बाई स्वतःहून बोलायला कुठे सुरुवात करते, पैशांचा उल्लेख कुठे येतो, कॅमेरा तिच्याकडे वरून कुठे बघतो, आणि तिच्या हातांवर किती वेळ थांबतो.

यादी बोलकी होती. अख्ख्या लघुपटात बाई स्वतःहून एकदाच बोलते, ‘‘मी नाही घेतलं, ताई.’’ बाकी सगळी उत्तरं. पगार, उचल, सुट्टी, कापलेले पैसे, काहीही येत नाही. विषय आर्थिक विषमता आणि पडद्यावर पैसाच नाही. घरातल्या दृश्यांत कॅमेरा मालकिणीच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यामुळे बसलेली बाई कायम खाली. हात सलग असे कुठे दिसतच नाहीत, दिसतो तो चेहरा, आणि बहुतेकदा ओला.

दुसरं मला जाणवलं ते असं. हा लघुपट गरिबी दाखवत होता, आणि मालकिणीचं चांगलं मन. या दोघींमध्ये जो व्यवहार चालतो, ज्याच्यामुळे एकीचा वेळ दुसरीच्या वेळेपेक्षा स्वस्त ठरतो, तो कुठेच नव्हता. दरी दाखवायची तर तिचे दोन्ही काठ एका फ्रेममध्ये लागतात. इथे गरीब बाजूला दुःख होतं, श्रीमंत बाजूला स्वभाव. दोन्ही खासगी गोष्टी. मग प्रेक्षक रडून मोकळा होतो, त्याच्या अंगाला काही लागत नाही.

समोरचे पर्याय

आहे तसाच पाठवणं हा पहिला पर्याय, आणि तो वेडगळ नव्हता. महोत्सवाची मुदत जवळ होती, अनुदान संपत आलं होतं, पहिल्या प्रीव्ह्यूत लोक रडले होते. गृहस्थांचा निरोप पुन्हा आला की समेट ठेवा. हा समेट जुना आहे. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) खाली राबणारे कामगार आणि वर बागांत खेळणारे मालकपुत्र इतक्या थेट रचनेनं दाखवतो, आणि शेवटी डोकं आणि हात यांच्यात हृदयानं मध्यस्थी करावी म्हणून हस्तांदोलन घडवतो. लांगला स्वतःलाच पुढे हा शेवट परीकथेसारखा वाटू लागला. आमच्या लघुपटातला जुना मोबाइल म्हणजे तेच हस्तांदोलन होतं.

कॅमेरामनला उलट टोक हवं होतं: बाईची वस्ती, तिथली गटारं, हातातला कॅमेरा, सगळं आणखी ‘खरं’. यावर बरीच चर्चा झाली. गरिबी दाखवण्यावरचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा किती दाखवली, कुणाला दाखवली याच रुळावरून जातो. १९८० मध्ये राज्यसभेत असताना नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय यांच्यावर भारताची गरिबी परदेशात विकल्याचा आरोप केला होता, तोही त्याच रुळावरचा. आमच्यापुढचा प्रश्न निराळा होता. अंधार वाढवून व्यवहार दिसणार नव्हता. शिवाय बल्बवाल्या बाईंना द्यायला उत्तर नव्हतं: त्यांच्या घरी ट्यूबलाइट आहे, निळा अंधार संगणकावर रंग बसवताना आलेला.

मालकिणीला दुष्ट करणं हा तिसरा पर्याय. संकलकाला तो आवडला होता, कारण आहे त्या फुटेजमधूनही तो साधता आला असता: दोन हसरे शॉट काढले की मालकीण खाष्ट दिसू लागते. मी याला विरोध केला. दुष्ट मालकीण प्रेक्षकाला ताबडतोब सोडवते, कारण आपण तशा नाही असं प्रत्येकाला वाटतं. चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’मधला (१९३१) लक्षाधीश पाहा. दारू प्यायला की भणंगाला मिठी मारतो, घरी नेतो, गाडी देऊन टाकतो; शुद्धीवर आला की त्याला ओळखतही नाही. त्यात दुष्टपणा शोधून सापडत नाही, पण मैत्री केव्हा सुरू व्हायची आणि केव्हा संपायची हे ठरवणं एकाच्याच हातात असतं. ‘पॅरासाइट’मधल्या (२०१९) गरीब कुटुंबातली आई तर बोलूनच दाखवते की इतका पैसा असता तर मीही चांगली वागले असते. आमची मालकीण चांगलीच राहायला हवी होती. फक्त त्या चांगुलपणाचा खर्च कोण उचलतं ते दिसायला हवं होतं.

उरला चौथा पर्याय: काही दृश्यं नव्यानं लिहून, संघटनेतल्या बायकांना सोबत घेऊन री-शूट. खर्चिक, आणि मुदत हुकवणारा. अनुदान संस्थेनं जादा पैसे देणार नाही पण मुदत वाढवू असं कळवल्यावर दिग्दर्शिकेनं हा निवडला. गृहस्थांना तिनं स्वतः फोन करून सांगितलं.

वेळ पडद्यावर आणणं

पहिला बदल रचनेतला. नव्या कटमध्ये बाईला पाच घरं आहेत आणि हे तिसरं. बाकीची पडद्यावर येत नाहीत, त्यांचे फोन येतात. घड्याळ हरवल्यापासून तिचा मोबाइल पिशवीत वाजू लागतो, आणि पिशवी तर तपासणीसाठी मालकिणीसमोर टेबलावर. मालकीण अगदी सौजन्यानं म्हणते, ‘‘मावशी, पाचच मिनिटं थांबा हं.’’ फोन वाजून बंद होतो. पुन्हा वाजतो. बाईनं उचलायचा की नाही, हे विचारायचीसुद्धा चोरी.

हे सुचलं ध्वनिमुद्रकाला, आणि त्यामुळे व्हायोलिन आपोआप गेलं. फोनच्या आवाजावर व्हायोलिन बसत नाही.

तपासणीचं दृश्य जुन्या कटमध्ये अकरा तुकड्यांत होतं: रडता चेहरा, पिशवी, मालकिणीचा अवघडलेला चेहरा, पुन्हा रडता चेहरा. नव्यात एकच स्थिर शॉट, टेबलाच्या उंचीवरून. मालकीण बसलेली, बाई उभी, मध्ये पिशवीतून निघालेल्या वस्तू. कॅमेरामनची इथे चांगलीच कुरकुर झाली, क्लोज-अप नाही म्हणजे भावना नाही म्हणून. टेबलावर काय काय ठेवायचं ते संघटनेतल्या दोघींनी ठरवलं. रिकामी पाण्याची बाटली, गुडघ्याला बांधायचा पट्टा, आणि एक छोटी वही, ज्यात घरनिहाय खाडे लिहिलेले. मालकीण वही उघडते, दोन पानं उलटते, स्वतःच्या घराचं पान तिला दिसतं. आपल्याबद्दलही हिशोब ठेवला जातो हे तिला त्या क्षणी कळतं. ती वही बंद करून खाली ठेवते. मला विचाराल तर अख्ख्या लघुपटात हा सगळ्यात धारदार प्रसंग आहे, आणि पटकथेच्या पहिल्या चार खर्ड्यांत वही नव्हती.

काम कसं दाखवायचं यासाठी टीमनं इटालियन दिग्दर्शक डी सिकाच्या ‘उंबेर्तो डी’मधला (१९५२) मोलकरणीच्या सकाळचा प्रसंग पुन्हा पाहिला. ती उठते, स्वयंपाकघरात जाते, चूल पेटवते, कॉफी दळायला बसते आणि बसल्या बसल्या पाय लांब करून दार लोटते. कथेच्या दृष्टीनं काहीच घडत नाही. तिला दिवस गेलेत हे आपल्याला ठाऊक असतं, पण कॅमेरा आधी कामाला वेळ देतो, अश्रूंना मागून. फरशी पुसण्याचा शॉट याच धर्तीवर पुन्हा घेतला: पाठीमागून, मागे सरकत येणारी बाई, आणि कोपऱ्यात पोचल्यावर पायाच्या अंगठ्यानं बादली बाजूला सारणं. नटीनं संघटनेतल्या एकीकडून ते शिकून घेतलं होतं. चेहरा दिसत नाही. दिसते ती तरबेज बाई, आणि मग तिचा वेळ वाया जाणं बघवत नाही.

घड्याळाचं काय करायचं

सगळ्यात लांबलेला वाद हा.

दिग्दर्शिकेनं नव्या खर्ड्यात घड्याळ सापडूच दिलं नव्हतं. तिचा मुद्दा भक्कम होता. जुन्या कटमध्ये बाईबद्दल सहानुभूती वाटायची तर ती निर्दोष असणं सक्तीचं होतं, आणि गरिबांना अशी अट घालणं हीच एक विषमता. श्रीमंत पात्रांना चुका करूनही आपलं प्रेम मिळतं. मोठ्या चित्रपटांनी ही अट मोडलेली आहे. डी सिकाच्याच ‘बायसिकल थीव्ह्ज’चा (१९४८) बाप शेवटी स्वतः सायकल चोरतो आणि मुलादेखत पकडला जातो. ‘पथेर पांचाली’त (१९५५) दुर्गावर हार चोरल्याचा आळ येतो, तिची आई तिला मारते, दुर्गा वारल्यानंतर धाकट्या भावाला, अपूला, तो हार घरात सापडतो आणि तो गुपचूप पाण्यात फेकून देतो. दुर्गानं हार घेतला होता, तरीही आपण तिच्याच बाजूचे. मग आमच्या बाईनं घड्याळ घेतलं असेल-नसेल, प्रेक्षकाला राहू दे की संशयात.

संघटनेतल्या बायकांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्या वयस्कर बाई म्हणाल्या, ‘‘तुमच्या बघणाऱ्याला संशय म्हणजे गंमत. आम्हाला दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजवायची असते.’’ त्यांचं म्हणणं असं की हा लघुपट घराघरांत बघितला जाईल, आणि बघून उठलेली मालकीण आधी आपलं कपाट तपासेल.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या. कलेचा विचार करता माझं मत आजही दिग्दर्शिकेच्या खर्ड्याकडे झुकतं. संशयाचा भार प्रेक्षकावर टाकणारा शेवट जास्त टोचला असता. पण २२ मिनिटांत बाईचं सगळं आयुष्य उभं करता येत नाही. दुर्गा आपल्याला पूर्ण ठाऊक असते, पावसात भिजणारी, धाकट्या भावाला सांभाळणारी. आमची बाई तेवढी ठाऊक होणार नव्हती, त्यामुळे संशय माणसावर न राहता तिच्या कामावर, तिच्या वर्गावर बसला असता. निर्णय शेवटी दिग्दर्शिकेनं घेतला: घड्याळ सापडतं, पण कुणी सांगत नाही. तीन दिवसांनी मालकीण फोनवर बोलत असताना ते तिच्या मनगटावर असतं. बाई ते बघते, मालकीण तिला बघताना बघते, आणि हात सहज पाठीमागे नेते. फोनवरचं बोलणं चालू.

माफी गेली, मोबाइलची भेट गेली. शेवट संघटनेतूनच आला. अपमान झाला म्हणून बाई त्याच दिवशी ताडकन काम सोडून जाते, हा दिग्दर्शिकेचा पहिला विचार. तिथे पुन्हा हशा. आधी दुसरं घर धरतात, मग पहिलं सोडतात. म्हणून नव्या कटमध्ये बाई महिना भरेपर्यंत येत राहते, पगार घेते, त्या दिवशीच्या हुकलेल्या घराचा खाडा मागते. मालकीण हसून म्हणते, ‘‘काय मावशी तुम्ही पण!’’ आणि देत नाही. बाई सांगते की सोमवारपासून जमणार नाही. मालकीण क्षणभर गप्प होते, मग विचारते, ‘‘बरं, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर पाठवाल?’’ लघुपट तिथे संपतो.

पैसे आणि श्रेय

री-शूटच्या अंदाजपत्रकात संघटनेतल्या दोघींसाठी ‘विशेष आभार’ एवढंच होतं. ध्वनिमुद्रकानं बैठकीत विचारलं की या दोघी येतात त्या दिवशी त्यांच्या घरांचा खाडा कोण भरणार. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग महोत्सवांच्या प्रवेश शुल्कासाठी राखलेल्या पैशांतून दोघींना सल्लागाराचं मानधन दिलं गेलं, मला होतं त्याच दरानं, आणि पटकथेच्या श्रेयात नावं. त्यामुळे पाच-सहा महोत्सवांना लघुपट पाठवता आला नाही. संकलकाला हा व्यवहार तेव्हाही पटला नव्हता, अजूनही नाही.

विषमतेवरच्या चित्रपटांचा हा कोपरा सहसा अंधारात राहतो. ‘बायसिकल थीव्ह्ज’साठी हॉलीवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक पैसे घालायला तयार होता, अट एवढीच की नायक कॅरी ग्रँट असावा. डी सिकानं नकार देऊन लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगाराला घेतलं, आणि त्याच्या चेहऱ्यानं चित्रपट अजरामर झाला. पण पुढे माज्जोरानीची कारखान्यातली नोकरी गेली, आणि नट म्हणून त्याचा जम कधी बसला नाही. निर्णय कलेच्या बाजूनं अचूक होता, त्याची किंमत मात्र एकाच माणसानं मोजली.

आमच्याही प्रकरणात एक धागा सुटला. ज्या घरात शूटिंग झालं तिथे कामाला एक बाई होती. शूटिंगच्या दिवसांत तिला ‘येऊ नको’ म्हणून सांगितलं होतं. ते दिवस तिच्या पगारातून कापले गेले की नाही, हे घरमालकांना कुणी विचारलं नाही.

परिणाम

ज्या महोत्सवाचं आमिष होतं तिथे लघुपट निवडला गेला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी स्पर्धेत आला, बक्षीस मिळालं नाही. पहिल्या प्रीव्ह्यूला रडलेल्यांपैकी काहींना नवा कट ‘कोरडा’ वाटला. एका शिक्षकांनी विचारलं, ‘‘यात मालकिणीचं चुकलं काय, ते नीट कळत नाही.’’ एका खेळानंतर दोन प्रेक्षक बायकांत यावरूनच जुंपली: फोन उचलू द्यायला हवा होता की नको, खाडा द्यायला हवा होता की नको, आणि मध्येच एकीनं दुसरीला विचारलं, ‘‘तू देतेस?’’ जुन्या कटनंतर असा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता.

संघटना हा लघुपट बैठकांत दाखवते, वहीच्या प्रसंगाला थांबवून. काही जणींनी त्यानंतर वही ठेवायला सुरुवात केल्याचं कळलं. किती जणींनी ठेवली आणि त्यांना पैसे मिळाले का, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

दिग्दर्शिकेनं घरी आईला लघुपट दाखवला. आईला तो आवडला. माफीच्या आठवणीचं पुढे काय झालं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

संघटनेकडे पटकथेच्या टप्प्यावर जायला हवं होतं, हे उघड आहे. पण तेवढ्यानं भागलं असतं असं वाटत नाही. माहिती टीममध्येच होती, ध्वनिमुद्रकाच्या रूपानं. त्याला बोलायची जागा नव्हती. सेटवर कोण कुणाला कधी थांबवू शकतं, हा नियम आधी बदलावा लागतो. टेक संपला की प्रत्येक विभागाला ‘यात काही खोटं दिसलं का’ एवढं विचारलं असतं, तर फरशीचा शॉट पहिल्याच दिवशी सुधारला असता आणि री-शूटचा निम्मा खर्च वाचला असता.

बाकीची चार घरं फक्त फोनच्या आवाजात ठेवणं ही तेव्हाची पैशांची मजबुरी होती आणि ती नशिबानं पथ्यावर पडली. तरी एक तरी दार उघडून दाखवायला हवं होतं. हुकलेल्या घरात त्या दिवशी काय झालं, तिथली मालकीण कदाचित स्वतःच नोकरीला उशिरा पोचणारी कुणी कारकून असेल, म्हणजे साखळी आणखी खाली जाते, हे सगळं निसटलं. वर आणि खाली असे दोनच मजले ठेवले की चित्र सोपं होतं. प्रत्यक्षात मधले मजले बरेच असतात आणि तिथली माणसं वरच्याला घाबरून खालच्याला ताणतात.

आणि शेवटची, माझ्या मते सर्वांत मोठी उणीव. या घरात पुरुष नाही. जुन्या कटमध्ये नव्हता आणि नव्यातही नाही. घर कुणाच्या पगारावर चालतं, बाईचा पगार किती ठेवायचा हे कोण ठरवतं, घड्याळ कुणी दिलेलं, यातलं काही पडद्यावर येत नाही. सगळा वर्गसंघर्ष दोन बायकांच्या टेबलापाशी उरकला आहे, आणि ज्याच्या खात्यातून दोघींचा महिना निघतो तो बाहेर कुठेतरी कामात आहे. संघटनेतल्या एकीनं नवा कट बघून हेच विचारलं होतं: ‘‘साहेब कुठं गेलेत?’’ तोवर संकलन संपलं होतं आणि घराची चावी परत दिली होती.